खाडीला बहर

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पोचले. बस दोन तास उशिरा आली, पण ट्रंक आणि मी दोघी शाबूत आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आई ऐकून घेत नाही, त्यामुळे तुम्हा दोघी बहिणींसाठी पत्र हाच उपाय उरला. आईला वाचून दाखव. तिला राग येईल अशी वाक्यं गाळलीस तरी चालेल.

आमचं पाण्याच्या संशोधनाचं केंद्र खाडीच्या अगदी तोंडाशी आहे. एका बाजूने नदीचं गोडं पाणी येतं, दुसऱ्या बाजूने भरतीबरोबर खारं. दुमजली इमारत. खाली माशांच्या काचेच्या टाक्या, वर प्रयोगशाळा आणि तिला लागून आमची खोली. आमची म्हणजे माझी आणि चित्रकलेच्या कॉलेजातून आलेल्या एका मुलीची. तिला सगळे 'चित्रकार'च म्हणतात. ती चित्रं काढणार, मी मजकूर लिहिणार. टाक्यांचे पंप सारखे घरघरत असतात. पहिल्या दिवशी वाटलं, वेड लागेल. आता मध्येच बंद पडले तर दचकायला होतं.

केंद्राच्या प्रमुखांना इथे नुसतं 'बाई' म्हणतात. पन्नाशीच्या आहेत. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत. त्यांनी लिहिलेलं कुणाला कळत नाही, म्हणून तुम्हा दोघींना बोलावलंय. चार महिने आहेत. नदी आणि खाडी लोकांना समजेल असं काहीतरी करा." आई विचारत होती ना, विज्ञानाची माहिती लोकांना सांगायचं कसलं आलंय शिक्षण? तिला हे सांग.

ओहोटी लागली की बायका चिखलात शिंपले काढायला उतरतात. त्यातल्या एका काकूंशी ओळख झाली. मी तपासणीसाठी बाटलीत पाणी भरत होते. त्या गुडघाभर चिखलात उभ्या, कमरेला टोपली. म्हणाल्या, "रोज बाटल्या भरभरून नेतेस. आमच्या पाण्यात तुझं काय हरवलंय गं?" मी बाटलीचं बूच लावलं. उत्तर चार महिन्यांत सुचेल.

तुझी,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. काहीच गाळता आलं नाही, कारण तुझी आई माझ्या खांद्यावरून वाचत होती. 'ऐकून घेत नाही' या शब्दांवर तिने नाक मुरडलं, पण ऑफिसला जाताना पत्र मागून घेऊन गेली. तिचं म्हणणं जुनंच. बरोबरीची मुलं कंपन्यांच्या प्रयोगशाळांत चिकटली आणि आपली पोरगी चिखलात बाटल्या बुचकळते. मी म्हटलं, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, चिखल धुतला की जातो. त्यावर ती काही बोलली नाही. बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

कानाचं मशीन कपाटात सुखात आहे. घातलं की भांड्यांचा आवाज तेवढा मोठा होतो, माणसांचा नाही.

तुझ्या कामाबद्दल मला फार कळत नाही, पण हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर मी बत्तीस वर्षं काढली, म्हणून एक सांगते. समजावून झालं की आपण विचारतो, "समजलं ना?" माणूस मान डोलावतो. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे. ते नुसतं 'जाऊ द्या आता मला' असतं. त्यापेक्षा विचारावं, "सांगा बघू, घरी गेल्यावर काय करणार?" मग कळतं, आपण काय सांगितलं आणि त्याने काय ऐकलं ते. कधी कधी घाम फुटतो.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
मावशी

२ मार्च

प्रिय मावशी,

सोबत एक कागद आहे. आधी तो बघ, मग हे वाच.

बघितलास? माझा पहिला छापील मजकूर! झालं असं, की वरच्या बाजूच्या शेतांतलं खत आणि गावांचं सांडपाणी नदीतून खाडीत उतरलं. त्यात ऊन वाढलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात, त्यांना शैवाल म्हणतात. त्यांना आयतंच जेवण मिळालं आणि त्या बेसुमार वाढल्या. पाण्याला तांबूस रंग आलाय. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या माळा दिसतात, अगदी कुणी बसून ओवल्यासारख्या. त्यातली एक जात विष तयार करते. शिंपला पाणी गाळून खातो, त्यामुळे ते विष त्याच्या अंगात साठतं. त्याला काही होत नाही, त्याला खाणाऱ्याला होतं.

तपासणीत विषाचं प्रमाण मर्यादेच्या थोडं वर निघालं, तेव्हा बाईंनी एका दिवसात सूचना करायला सांगितली. आधीचा मसुदा होता 'सूक्ष्म शैवालांच्या अतिवृद्धीबाबत'. कोण वाचणार? मी मथळा दिला, 'खाडीला बहर!' खाली या इवल्या वनस्पतींची गोष्ट, आणि शेवटी, 'या काळात शिंपल्यांचे सेवन टाळणे हितावह.' चित्रकारने त्या माळा किती सुरेख काढल्यात ते तू बघतेच आहेस.

बाईंचं पेन 'बहर'वर जरा थांबलं होतं. विचारलं, "लोक वाचतील?" मी म्हटलं, "थांबून वाचतील." त्यांनी सही केली. चाळीस प्रती दोन्ही काठांवर लावल्या. धक्क्यावर दोन माणसं खरंच थांबून वाचत होती. मी लांबून बघितलं.

तुझी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. 'बहर' फार गोड शब्द वापरलास. रोज चहा करताना वाचते आणि बरं वाटतं. शेवटच्या ओळीला भिंग लागलं, पण ते माझ्या डोळ्यांचं वय.

तुझ्या आईने तो दोनदा वाचला. तोंडाने म्हणाली, "चित्र बरं आहे." दुसऱ्या दिवशी पाहते तर कपाटावर कागद नाही. बाईसाहेब तो ऑफिसात घेऊन गेल्या होत्या, आजूबाजूच्या टेबलांवरच्या सगळ्यांना दाखवायला. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस, नाहीतर परत रुसेल.

पुढचा कागद कधी?

तुझी,
मावशी

१७ मार्च

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. इथे सगळं ठीक. काम चालू आहे. ऊन फार आहे. पुढचा कागद इतक्यात नाही. आईने ऑफिसात नेलेला कागद तिला परत आणायला सांग, लावून ठेवू नका म्हणावं. घाईत आहे.

भिंगरी

२५ मार्च

चि. भिंगरीस,

इतकं आखूड पत्र तू सातवीत सहलीला गेली होतीस तेव्हाही लिहिलं नव्हतंस. तेव्हा निदान 'पैसे संपले' असं तरी होतं.

तुझी आई म्हणते, पोरीला कंटाळा आला, परत येईल बघ. मला निराळा वास येतोय. माणूस घाईत आहे म्हणतो, ऊन फार आहे म्हणतो, आणि आपलाच लिहिलेला कागद लावू नका म्हणतो, तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. कोण आहे तो? शास्त्रज्ञ असेल तर आधी बघ त्याचं बोलणं कळतं का. बाकी माझी काही हरकत नाही. आईचं मी बघून घेईन.

मनमोकळं लिही. माझ्या कानांवर विश्वास नसला तरी तोंडावर ठेव. मी कुणाला सांगत नाही.

तुझी,
मावशी

३० मार्च

मावशी,

तसं कुणी नाही. असतं तर बरं झालं असतं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. इथे काहीच ठीक नाही. हे पत्र आईला दाखवू नकोस.

बारा तारखेला सकाळी धक्क्याजवळच्या वस्तीत रुग्णवाहिका आली. मी खिडकीतून बघितली आणि परत कामाला लागले. दुपारी बाईंना हॉस्पिटलातून फोन आला. ज्या काकूंबद्दल तुला लिहिलं होतं त्यांचा नवरा. जाळी विणण्याचं काम करतात ते. सकाळी शिंपले खाल्ले. अर्ध्या तासात ओठांना मुंग्या आल्या, मग बोटांना, मग पाय उचलेनात. हॉस्पिटलात पोचेपर्यंत श्वास घेता येईना. या विषावर औषध नाही, मावशी. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत माणसाचा श्वास यंत्राने चालू ठेवायचा, एवढंच. दोन दिवस ते यंत्रावर होते. वाचले. काकूंनी मागाहून थोडंसंच खाल्लं होतं, त्यांचे नुसते ओठ बधिर झाले.

बाईंबरोबर मी हॉस्पिटलात गेले. काकू बाकावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तूच लिहिलंस ना ते? खाडीला बहर आलाय म्हणून?"

मी हो म्हटलं.

"बहर आला की झाड फळांनी लगडतं. मला वाटलं, यंदा शिंपले भरपूर. एकीच्या जागी दोन टोपल्या काढल्या मी."

मी म्हटलं, "शेवटी लिहिलं होतं की..."

"वाचलं ना. हितावह. म्हणजे हिताचं. काहीतरी हिताचं आहे एवढं कळलं."

त्या ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. त्या अगदी समजावून सांगितल्यासारख्या बोलत होत्या.

त्याच दिवशी आम्ही चाळीसच्या चाळीस कागद काढले. बाई स्वतः नखांनी खरवडत होत्या. मी म्हटलं, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, "सही माझी आहे. पेन थांबलं होतं, मी पुढे ढकललं." बस्स, तेवढंच. दुसऱ्या दिवशी नवा कागद लागला, 'शिंपल्यांत विष आहे. खाऊ नका.' बाईंनीच लिहिला. पण आता आमचं कोण वाचतंय? पलीकडच्या काठावर बायका अजून शिंपले काढताहेत. एकाने बाईंना तोंडावर सांगितलं, "परवा बहर म्हणालात, आज विष म्हणता, उद्या अमृत म्हणाल."

माझा पेनला हात लागत नाही. चित्रकारही चित्र काढत नाही, टाक्या धूत बसते. बाई म्हणाल्या, जायचं तर जा, प्रमाणपत्र अडवणार नाही. ट्रंक भरली आहे. दहा तारखेच्या बसचं तिकीट काढलंय. आईला काय सांगायचं ते तू ठरव.

भिंगरी

४ एप्रिल

चि. भिंगरीस,

हे पत्र तुला दहा तारखेच्या आत मिळावं म्हणून मी स्वतः पोस्टात टाकून आले.

आधी माझं चुकलं ते लिहिते. तो कागद मी रोज वाचत होते. बत्तीस वर्षं लेबलं लिहिलेली बाई, आणि शेवटच्या ओळीला भिंग लागलं तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शब्दाच्या गोडीला भुलले. कुणा तरी तरुण मुलाचं खूळ डोक्यात घेऊन तुला चिडवत बसले, ते वेगळंच. तेव्हा एकटीच्या डोक्यावर सगळं घेऊ नकोस.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. तुझ्या आईलाही माहीत नाही.

औषधखिडकीवर लागून मला सहा महिने झाले होते. एक म्हातारे गृहस्थ गुडघेदुखीसाठी आले. मी चोळायचं औषध बाटलीत भरलं, लेबल लावलं, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फक्त बाह्योपचारासाठी'. तोंडाने सांगितलं, दिवसातून दोन वेळा. त्यांनी मान डोलावली. घरी जाऊन त्यांनी ते दोन चमचे प्यायलं. संध्याकाळी त्यांना उचलून आणलं. पोट धुतलं, आठ दिवस ठेवून घेतलं, वाचले. त्यांच्या मुलाने ती बाटली खिडकीवर आपटली आणि विचारलं, बाह्योपचार म्हणजे काय हो?

चौकशी झाली. माझ्या वर एक जुने कंपाउंडर होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. ते म्हणाले, लेबल मी लिहिलं. अक्षर माझं होतं, सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी मेमो घेतला. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं नाही. नोकरी कच्ची होती, तुझी आई तेव्हा शिकत होती, घरात मिळवणारी मी एकटी. कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती.

त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. त्यानंतर प्रत्येक बाटलीवर मी लाल शाईने लिहीत असे, 'प्यायचं नाही. चोळायचं.' बाकीचे हसायचे. पण त्या म्हाताऱ्यांच्या घरी मी गेले नाही. दोन रस्ते पलीकडे राहायचे. तीन वर्षं मी बाजाराला दुसऱ्या वाटेने जात होते. पुढे ते गेले, कंपाउंडरही गेले. आता सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून तुला सांगते आहे. हा काही मोठेपणा नाही.

बसने ये किंवा नको येऊस, ते तू ठरव. घर तुझंच आहे. पण निघण्याआधी त्या काकूंच्या घरी जाऊन ये. त्या काय म्हणतील ते म्हणोत.

आईला सांगितलं आहे की पत्र टपालात गहाळ झालं.

तुझी,
मावशी

१९ एप्रिल

प्रिय मावशी,

तिकीट रद्द केलं.

तुझं पत्र नऊला मिळालं. तीनदा वाचलं आणि दुपारी वस्तीत गेले. काका दारात खुर्चीवर बसले होते. जाळं मांडीवर, सुई बोटांत धरायला बघत होते आणि ती निसटत होती. काकू आत भांडी घासत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "बहर हा शब्द माझा होता. सही बाईंची असली तरी चूक माझी आहे."

त्या भांडं विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग मी त्याचं काय करू?"

मावशी, माफी मागितली की समोरचा काहीतरी म्हणतो, असं मी धरून चालले होते.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "पलीकडे माझी नणंद राहते. ती म्हणते, चांगलं तासभर उकळलं की विष मरतं. मरतं का?"

"नाही मरत. कितीही उकळा."

"हे कुठे लिहिलंयस?"

कुठेच नव्हतं! नव्या कागदावरही नव्हतं. आम्हाला प्रयोगशाळेत ते इतकं ठाऊक, की सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. काकूंनी हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चल."

होडीने पलीकडे गेलो. नणंदेच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर शेगडीवर पातेलं रटरटत होतं. काकूंनी शेगडी बंद केली, फडक्याने पातेलं उचललं आणि मागच्या दाराने सगळं खड्ड्यात ओतलं. नणंद ओरडली, तिचे दीर धावून आले, दोन मुलं ताटं घेऊन बसलेली ती बघतच राहिली. काकू तिथेच उभ्या राहून बोलल्या, "तुझ्या भावाचे आधी ओठ गेले. मग बोटं. मग पाय. मग श्वास. मीही उकळूनच घातलं होतं." एवढंच. पातेलं तिथेच ठेवलं.

मग मी तुझा प्रश्न विचारला, सांगा बघू, आता काय करणार. नणंद म्हणाली, आता काढणार नाही. मी विचारलं, आणि काढून ठेवलेले? ती म्हणाली, "ते मीठ लावून ठेवते." मला खरंच घाम फुटला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "फेकते."

पाच दिवसांत दोन्ही काठांच्या सहा वस्त्या केल्या. बोलायचं काकूंनी, विचारायचं मी. चित्रकार तिसऱ्या दिवशी आपण होऊन आली. बायकांना विचारून विचारून तिने चित्र केलं. ओठ, हात, पाय, छाती, आणि उकळतं पातेलं, त्यावर भली मोठी फुली. मजकूर फक्त एवढाच, 'उकळूनही विष जात नाही. खाऊ नका. फेका.' तो एका वस्तीतल्या बायकांनी सांगितला, मी नुसता उतरवून घेतला.

सगळीकडे गोडीगुलाबीने झालं असं समजू नकोस. एका वस्तीत एकाने आम्हाला हुसकावलं. "शिंपले नाही काढायचे, मग चूल कशावर पेटवायची? ते लिहा की कागदावर!" बरोबरच होतं त्याचं. मी बाईंना सांगितलं. त्यांनी दोन दिवस फोन केले आणि खाडीतले नमुने गोळा करायचं काम वस्तीतल्या बायकांना रोजावर दिलं. आठच जणींना. सगळ्यांना पुरणार नाही, पण आता बाटल्या काकू भरतात. मी भरत होते त्यापेक्षा नीट भरतात.

काकू माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांनी माफ केलं असं नाही. मी विचारलंही नाही.

तुझ्या कंपाउंडरांचा विचार अधूनमधून येतो. तुला काय लिहावं ते समजत नाही. तू सांगितलंस ते बरं केलंस.

तुझी,
भिंगरी

२७ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

लपवाछपवी माझ्या नशिबात नाही. तुझी आई पिठाचा डबा काढायला गेली आणि तुझं तीस तारखेचं पत्र तिच्या हाती लागलं. टपालात गहाळ झालेलं पत्र पिठाच्या डब्यामागे कसं आलं, हे तिने विचारलं नाही, इतकी ती वाचण्यात गढली होती.

वाचून झाल्यावर तिने पत्राची घडी घातली. मी मशीन कानात घातलं, म्हटलं, आता भडका उडेल तो निदान नीट ऐकावा. ती म्हणाली, "तो माणूस वाचला ना?" मी मान डोलावली. मग म्हणाली, "तिला सांग, काम अर्धवट टाकून येऊ नकोस." मी तुझं नवं पत्र पुढे केलं. ते वाचून ती उठली आणि ऑफिसातून आणलेला तो जुना कागद पर्समधून काढला. फाडेल असं वाटलं. नाही फाडला. कपाटात ठेवला.

मग मी माझीही गोष्ट तिला सांगितली. कंपाउंडरांची. ती एवढंच म्हणाली, "तेव्हा माझी फी तू त्याच पगारातून भरत होतीस."

तुझी,
मावशी

२४ मे

प्रिय मावशी आणि आई,

शुक्रवारी निघते, शनिवारी दुपारपर्यंत घरी. ट्रंक आणताना हलकी होती, आता दोघींना उचलावी लागेल.

खाडी मोकळी झाली. पाण्याचा तांबूस रंग महिन्याच्या सुरुवातीलाच गेला होता, पण बाई म्हणाल्या, रंगावर जायचं नाही, शिंपल्यांतलं विष जाऊ दे. दर आठवड्याला तपासणी केली. लागोपाठ तीन वेळा निकाल चांगला आला. त्या एका दुर्घटनेनंतर कुणीच आजारी पडलं नाही. पलीकडच्या काठावर एकाचे ओठ बधिर झाल्याची आवई उठली होती, तो विड्यातल्या चुन्याचा प्रताप निघाला.

बाईंनी मजकूर लिहायला सांगितला. मी तो आधी वस्तीत नेला. लिहिलं होतं, 'शिंपले खाण्यास हरकत नाही.' बायका हसायलाच लागल्या. एक म्हणाली, "पोरगं काठावर पास झालं की म्हणतात, हरकत नाही. खायचं की नाही ते बोल." तिथल्या तिथे बदललं, 'आता खा.'

दोन्ही काठांवर कागद लागले. पहिल्या ओहोटीला मी आणि चित्रकार खिडकीत उभ्या राहिलो. चिखलात एकही बाई उतरली नाही. दुसऱ्या ओहोटीलाही नाही. लोक कागद वाचत होते, मान डोलावत होते आणि घरी जात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू एकट्या उतरल्या. अर्धी टोपली काढली. अंगणात पातेलं ठेवून मिठाच्या पाण्यात उकळले. वस्तीतली पंधरा-वीस माणसं जमली. बाई, चित्रकार आणि मी, आम्हाला निरोप होता. का, ते निरोपात नव्हतं.

काकूंनी एक ताटली भरली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "खा म्हणून लिहिलंय ना? मग आधी केंद्राने खावं."

बाईंनी हात पुढे केला. काकूंनी ताटली मागे ओढली. "तुम्ही मग. लिहिलं हिने."

मला तिन्ही निकालांचे आकडे पाठ होते. नमुने कुठून घेतले, कधी घेतले, सगळं माहीत होतं. तरी भीती वाटली, हे तुमच्यापासून लपवत नाही. आई, तू रागावशील, पण मी एक खाल्ला, मग दुसरा, मग सगळी ताटली संपवली. चव काय होती ते विचारू नका.

मग सगळे बसून राहिले. कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं, कशाची वाट बघायची. काका उंबऱ्याशी जाळं घेऊन बसले होते. सुई आता बोटांत धरता येते, पण हात सावकाश चालतो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. ते एक गाठ मारायचे आणि घड्याळाकडे बघायचे.

काकूंनी विचारलं, "ओठ?"

"ठीक आहेत."

"बोटं हलव."

मी हलवली.

बाई आपल्या चपलांकडे बघत होत्या. चित्रकारने माझा गुडघा इतका घट्ट धरला होता, की पाय त्यानेच बधिर व्हायचा. कोंबडी पातेल्याजवळ आली, तिला कुणीतरी हाकललं. बाकी कुणी हललं नाही. काकूंनी पुन्हा विचारलं, "पाय?" मी उठून अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

काकांनी आणखी एक गाठ मारली, घड्याळ पाहिलं, जाळं बाजूला सारलं आणि आपली ताटली पुढे केली.

"झाला अर्धा तास," ते म्हणाले. "वाढ आता."

तुमची,
भिंगरी